३५ मिमीच्या स्प्रिंगा टाकल्या, गाडी १९ मिमीच बसली: बाकीचे १६ गेले कुठे?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे नक्की होईल. गाडी २०१४ ची पोलो जीटी टीएसआय. ३५ मिमी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा टाकून दोन आठवडे झाले, गाडी २०० किलोमीटरच्या आसपास फिरली. त्याच दिवशी १५ इंची चाकं काढून १६ इंची अलॉय टाकली, १९५/५५ टायरसकट. आधी सोसायटीच्या पार्किंगमध्ये जमिनीपासून फेंडरच्या कमानीपर्यंत टेप लावला तेव्हा पुढे ६६८ आणि मागे ६६५ मिमी भरलं, एकाच बाजूचं. टाकी तेव्हा रिझर्व्हला होती. आता फुल टाकीवर पुढे डावीकडे ६४७, उजवीकडे ६५१, मागे डावीकडे ६४४, उजवीकडे ६३८. फिटर म्हणतो "बसतील हळूहळू". दुकानदार म्हणतो तुम्हाला मोजता येत नाही. तुमचं म्हणणं, मागची डावी स्प्रिंग सदोष आहे, सेट परत करावा का?

अजून करू नका. या आकड्यांत मला टायर दिसतो, फरशी दिसते, पेट्रोल दिसतं. खराब स्प्रिंग दिसत नाही. मात्र दुकानदाराचंही पूर्ण बरोबर नाही. तुम्ही चारही कोपरे मोजून लिहिलेत म्हणून तर मला एवढं तरी सांगता येतंय. बहुतेक जण "गाडी कमी बसली" एवढंच सांगतात आणि बोटांनी गॅप दाखवतात.

सगळ्यात मोठा चोर टायर. तुमच्या जुन्या १८५/६० आर १५ ची त्रिज्या काढा: १५ इंची रिमची अर्धी १९०.५, साइडवॉल म्हणजे टायरच्या बाजूची उंची, १८५ रुंदीच्या ६० टक्के, १११, मिळून ३०१.५ मिमी. १९५/५५ आर १६ ची: २०३.२ अधिक १०७.२५, म्हणजे ३१०.५ च्या जवळ. नवं चाक मध्यापासून जमिनीपर्यंत ९ मिमी मोठं. स्प्रिंगेने गाडी खाली घेतली आणि टायरने तीच गाडी ९ मिमी वर उचलली. जमिनीपासून मोजणाऱ्या टेपला यातलं काही कळत नाही, तो दोघांची वजाबाकी दाखवून मोकळा होतो.

म्हणून जमिनीपासून मोजलेला आकडा स्प्रिंगेचा निकाल लावायला वापरायचाच नाही. टायरचा साइज, झीज, हवा, सगळं त्यात मिसळलेलं असतं. टायर आणि कमान यांच्यातली फट मोजणं त्याहून वाईट, कारण तुमचा टायरच बदललाय. मोजायचं ते चाकाच्या मध्यापासून वर कमानीच्या आतल्या कडेपर्यंत, सरळ उभ्या रेषेत. फोक्सवॅगनच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्येही हेच माप आहे: चाकाचा मध्य ते कमानीची खालची कड. सस्पेन्शनचे बोल्ट आवळताना गाडी कोणत्या उंचीवर हवी, ते कंपनी याच मापाने सांगते. हे माप घेतलं की टायर हिशेबातून बाहेर जातो.

अडचण एकच, जुन्या स्प्रिंगांवर हे माप तुम्ही घेतलेलं नाही. त्यामुळे आहे त्या आकड्यांतूनच वाट काढू. पुढच्या दोन्ही बाजूंची सरासरी ६४९. म्हणजे फरक १९, त्यात टायरचे ९ मिळवले की २८. मागची सरासरी ६४१. फरक २४, अधिक ९, झाले ३३. पण मागे पेट्रोलचा हिशेब राहतो. पोलोची टाकी ४५ लिटरची. रिझर्व्हपासून फुलपर्यंत ३८ लिटर धरा. पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या आतबाहेर, म्हणजे २८ किलो. टाकी मागच्या सीटखाली, तेव्हा यातला बराचसा भार मागच्या चाकांवर. एका बाजूला दहा-अकरा किलो जास्त आले आणि चाकापाशी स्प्रिंगेचा कडकपणा मिलिमीटरला अडीच किलोच्या घरात धरला, तर मागची बाजू नुसत्या पेट्रोलने ४ मिमी खाली गेली. स्प्रिंगेच्या नावावर मागे २९ उरतात.

पुढे २८, मागे २९. आता दोन्ही टोकं सारखं बोलायला लागली. तुम्हाला वाटत होतं तसे १६ मिमी गायब नाहीत, सहा-सात आहेत, म्हणजे आपल्या भाषेत दोन सूत. आणि ते पुढेमागे सारखेच कमी आहेत, हे मला महत्त्वाचं वाटतं. एक स्प्रिंग खराब असती तर तो कोपरा वेगळा पडला असता.

मागची डावी बाजू उजवीपेक्षा ६ मिमी वर आहे हे खरं. पण पुढे बघा, तिथे उजवी बाजू ४ मिमी वर आहे. कोपऱ्यावर कोपरा, तिरपा जोडीदार. माझ्या अनुभवात ही फरशीची सही आहे.

कसं ते सांगतो. चार चाकांपैकी एक चाक १० मिमी खोल जागेवर उभं आहे असं समजा. गाडीची बॉडी कडक, ती वाकत नाही. ती थोडी कलते, थोडी झुकते, आणि उरलेला पीळ चारही स्प्रिंगांमध्ये वाटला जातो, साधारण अडीच-अडीच मिमी. खोलातलं चाक अडीच मिमी लोंबतं, आणि त्याच्या समोरचं तिरपं चाकही तेवढंच लोंबतं. दुसरी तिरपी जोडी तेवढीच दबते. परिणाम असा की एकाच एक्सलवर, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या चाकजोडीत, डाव्या-उजव्यात ५ मिमीचा फरक दिसतो, आणि स्प्रिंगा चारही ठणठणीत असतात. याउलट एका कोपऱ्यातली स्प्रिंगच उंच निघाली, तर तो कोपरा बराच वर जातो, शेजारचे दोन्ही थोडे वर येतात, आणि तिरपा जोडीदार उलट किंचित खाली जातो. तुमच्याकडे तिरपा जोडीदारही वर आहे. तुमचे आकडे घ्या: मागचा डावा अधिक पुढचा उजवा १२९५, दुसरी तिरपी जोडी १२८५. फरक दहाचा. हा पीळ चारांत वाटून काढून टाकला तर पुढे ६४९.५ आणि ६४८.५, मागे ६४१.५ आणि ६४०.५ उरतं. डाव्या-उजव्यात जेमतेम १ मिमी. एवढा फरक मी कागदावरही लिहीत नाही.

आता एक कबुली. "गाडी त्याच जागी उलटी लावून परत मोजा" हा सल्ला मी स्वतः कित्येक वर्षं देत होतो. फरशीला एका बाजूला उतार असेल तर तो बरोबर आहे, कारण उताराची बाजू बदलते. पण फरशीला पीळ असेल तर उपयोग शून्य. मागचं डावं चाक होतं त्या खड्ड्यात आता पुढचं उजवं येतं, आणि लोंबणारी जोडी तीच राहते. आकडे जसेच्या तसे येतात आणि गिऱ्हाईक म्हणतं, "बघा, उलटी लावली तरी तेच, म्हणजे स्प्रिंगच खराब." वर्कशॉप सुरू केल्यावर पहिल्याच वर्षी मी याच समजुतीतून एक सेट बदलून घेतला होता. नवा सेट टाकला, आकडे तेच. दोन दिवस वाया, हात काळे, आणि शेवटी लक्षात आलं की गाळ्याची फरशी कोपऱ्यातल्या गटाराकडे उतरती केलेली आहे, पाणी जावं म्हणून. गवंड्याने त्याचं काम चोख केलं होतं.

सोसायटीच्या पार्किंगमध्येही पाणी जायला उतार दिलेला असतोच, तेव्हा तिथे मोजणं सोडा. सोपा उपाय म्हणजे व्हील अलाइनमेंटवाल्याकडे जा आणि त्याच्या रॅम्पवर पाच मिनिटं मागा. ती जागा लेव्हल केलेली असते, नाहीतर त्याचं मशीनच चुकेल. घरीच करायचं असेल तर गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाइप आणा, पाणी भरा, बुडबुडा राहू देऊ नका, आणि चारही चाकं जिथे टेकतात त्या जागांची पातळी बघा. कमी असेल तिथे लादीचा नाहीतर प्लायचा तुकडा सरकवायचा. तुकडा टायरच्या टेकण्याएवढा तरी लांबरुंद हवा, कडेवर चाक उभं राहिलं तर आकडा परत खोटा.

मोजण्याआधी गाडी "सुटी" व्हायला हवी. जॅकवरून उतरवलेली गाडी लगेच मोजली तर ती हमखास उंच दिसते, कारण लोंबलेली चाकं आत खेचलेली असतात आणि टायर जमिनीला चिकटून त्यांना परत बाहेर सरकू देत नाही. पाच-सहा मीटर पुढे, तेवढीच मागे, स्टिअरिंग सरळ. शेवटी ब्रेक दाबून थांबवू नका, न्यूट्रलमध्ये हाताने ढकलत आणून थांबू द्या, आणि हँडब्रेक सोडलेला ठेवा. चाकापुढे वीट लावली की झालं. पोलोचा मागचा बीम, म्हणजे मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा, वरखाली होताना चाक थोडं पुढेमागेही जातं. हँडब्रेक ओढलेला असला की चाक तिथेच अडकतं आणि मागची बाजू पूर्ण बसत नाही. मग बॉनेट आणि डिकी हाताने दोन-तीनदा दाबून सोडा.

टाकी प्रत्येक मोजणीला सारखी ठेवा, मी फुल धरतो कारण फुल म्हणजे फुल, अर्धी म्हणजे काट्याचा अंदाज. हवा कंपनीच्या आकड्यावर. डिकी रिकामी. गाडीत कोणी बसलेलं नको.

चाकाचा मध्य शोधण्यात लोक चुकतात, विशेषतः अलॉयची टोपी किंचित तिरकी बसलेली असली तर. त्यापेक्षा असं करा. कमानीच्या सर्वात उंच बिंदूवर मास्किंग टेपची खूण करा, तिथून ओळंबा सोडा. त्याच उभ्या रेषेत दोन मापं घ्या: कमानीपासून रिमच्या वरच्या कडेपर्यंत, आणि कमानीपासून रिमच्या खालच्या कडेपर्यंत. दोन्हींची बेरीज भागिले दोन, हे मध्यापर्यंतचं अंतर. रिमची कड धातूची, ती दबत नाही आणि फुगत नाही. कापडी टेप नको, स्टीलची फूटपट्टी हवी, आणि डोळा मापाच्या उंचीला. प्रत्येक कोपरा तीनदा. तिन्ही आकडे २ मिमीच्या आत आले नाहीत तर गाडी परत ढकलण्यापासून सुरुवात.

फेंडर हा पत्रा आहे, हेही डोक्यात असू द्या. गाडी दहा वर्षांच्या वर गेली. पुढचा फेंडर कधी बदलला असेल, नुसता काढून बसवला असेल, तर तीनचार मिमी इकडेतिकडे सहज होतात. शंका असेल तर खालून लोअर आर्मच्या (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या) आतल्या बोल्टची जमिनीपासूनची उंची दोन्ही बाजूंनी मोजून ताडा. बॉडी खोटं बोलते, हे आर्म जिला जोडलेले असतात ती खालची सबफ्रेम सहसा नाही.

आता त्या उरलेल्या सहा-सात मिमीकडे. यात परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे, गाडी न बघता छातीठोक सांगणार नाही. माझा पहिला संशय बुशांवर, म्हणजे आर्मच्या जोडांतल्या रबरी नळ्यांवर. फिटरने गाडी लिफ्टवर घेतली, चाकं लोंबत होती, आणि त्याच अवस्थेत लोअर आर्मचे बोल्ट पूर्ण आवळले, असं बहुतेक ठिकाणी होतं, कारण तसं करणं सोयीचं पडतं. बुशचं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं. बोल्ट आवळला की आतली नळी जागेवर पकडली जाते. मग गाडी खाली उतरली की आर्म फिरतो आणि रबर पिळलं जातं. ते पिळलेलं रबर गाडीला वर ढकलत राहतं, जणू आणखी एक छोटी स्प्रिंगच. उंची तर वाढतेच, शिवाय रबर कायम ताणात राहून लवकर फाटतं. फिटरचं काम फक्त शॉकअप काढून स्प्रिंग बदलण्यापुरतं असेल आणि आर्मचे बोल्ट सैलच केले नसतील, तरी जुन्या उंचीला आवळलेलं रबर नव्या उंचीला पिळलं जाणारच, थोडं कमी एवढंच. मागच्या बीमच्या दोन मोठ्या बुशांचंही तेच.

उपाय: गाडी चाकांवर उभी करता येईल अशा रॅम्पवर घ्या, लोअर आर्मचे आणि मागच्या बीमचे बोल्ट सैल करा, गाडी दाबून सोडा, आणि भार चाकांवर असतानाच टॉर्क रेंचने आवळा. रॅम्प नसेल तर हबखाली जॅक लावून चाकाचा मध्य आणि कमान यांच्यातलं अंतर जमिनीवर आलं होतं तेवढं करायचं आणि मग आवळायचं. मॅन्युअलमध्ये ते माप दिलंय ते याचसाठी. यातले बरेचसे बोल्ट टॉर्कनंतर ठरावीक कोनात फिरवायचे असतात आणि एकदा काढले की नवे घालायचे असतात. "जुनेच चालतात" म्हणणारा फिटर भेटेल. चालतात, निघेपर्यंत.

दुसरी शंका बैठकीची. स्प्रिंगेचं टोक खालच्या वाटीतल्या पायरीला टेकलेलं असावं लागतं. बोटभर सरकलं तरी तो कोपरा काही मिमी उंच बसतो, आणि चालवताना कधीतरी "टण्" आवाज येतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून टॉर्चने पुढच्या दोन्ही बघा. मागे रबरी पॅड आहेत. ते जुने आणि कडक झालेले परत वापरले की नव्या स्प्रिंगेशी त्यांचं जमत नाही. शिवाय स्ट्रट (पुढचा शॉकअप) खाली नकलमध्ये (चाकाचा हब धरणाऱ्या भागात) सरकवून क्लॅम्पच्या बोल्टने आवळायचा असेल, तर तो शेवटपर्यंत आत गेलाय ना, हेही पाहायचं. अर्धा सूत वर राहिला तर गाडी तेवढी वर.

तिसरं, फिटरचं "बसतील". हे अगदीच खोटं नाही. चांगल्या कारखान्यात स्प्रिंग पूर्ण दाबून आधीच बसवून घेतलेली असते, त्यामुळे पोलाद फारसं खचत नाही. बसतं ते रबर, पॅड, वरचं माउंटिंग. पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये दोन-चार मिमी जातात असा माझा अनुभव. त्यामुळे सातपैकी तीन आपोआप जातील, हे मी मानतो. "बसतील" म्हणून पंधरा मिमीची वाट बघायला सांगणारा मात्र तुम्हाला टाळतोय.

आणि शेवटी मूळ आकड्याचंच बघू. ३५ मिमी हे स्प्रिंगेवर लिहिलेलं नसतं, ते डब्यावर लिहिलेलं असतं. स्प्रिंगेला फक्त एवढंच कळतं की अमुक वजन आलं की मी अमुक उंचीवर थांबते. ३५ हा आकडा कुठल्या तरी नमुना गाडीच्या मूळ उंचीतून वजा करून काढलेला आहे. ती गाडी युरोपातली असू शकते, आणि चाकणला बनलेली आपली पोलो आपल्या रस्त्यांसाठी मुळात उंच ठेवलेली. इंजिनाप्रमाणे पुढचं वजन बदलतं, डिझेल पुढे जड. म्हणून स्प्रिंगांच्या कागदावर किती एक्सल भारासाठी आहे ते लिहिलेलं असतं. तुमच्या सेटचा भाग क्रमांक टीएसआयचा (पेट्रोल) आहे की टीडीआयचा (डिझेल), ते बघा. डिझेलची स्प्रिंग पेट्रोलला लावली तर पुढची बाजू उंच राहणार, त्यात स्प्रिंगेचा दोष नाही. उलट तुमच्या जुन्या स्प्रिंगा दहा वर्षांत खचलेल्या असतील तर "आधीचं" मापच कमी होतं, मग फरक कमी दिसणारच.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण सांगायला हवी. गाडी उभी असताना बंप स्टॉपवर टेकलीय का, हे तपासा. तसं असेल तर उंची स्प्रिंग ठरवत नाही, रबराचा गट्टू ठरवतो, आणि मग कुठलंच माप खरं नाही. मागच्या शॉकअपच्या दांड्यावर एक केबल टाय घट्ट बांधा, खाली सरकवून ठेवा आणि नेहमीच्या रस्त्याने एक फेरी मारा. टाय जिथे सरकून थांबेल तिथपर्यंत शॉकअप दबला. उभ्या गाडीतच टाय आणि बंप स्टॉपमध्ये बोटभर जागा नसेल तर मला कळवा, त्याचं उत्तर वेगळं आहे. स्पीडब्रेकरला गाडी खालून घासते का, तेही बघा. इंडियन रोड काँग्रेसच्या मानकात गोल उंचवटा १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद सांगितलाय. आपल्या गल्लीतला कोणत्या मानकातला असतो ते तुम्हाला माहीतच आहे. इंजिनखालच्या सर्वात खालच्या बिंदूची जमिनीपासूनची उंची एकदा मोजून ठेवा. ते माप मात्र जमिनीपासूनच घ्यायचं, तिथे टायरचे ९ मिमी तुमच्या बाजूचे.

कायद्याचं थोडक्यात: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापासून गाडी बदलता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलंय. विम्याच्या क्लेमच्या वेळी हे निघू शकतं. निर्णय तुमचा, पण मूळ स्प्रिंगा भंगारात देऊ नका.

तर क्रम असा ठेवा. आधी बुश सैल करून भारावर आवळून घ्या, त्याच रॅम्पवर स्प्रिंगांची टोकं बघून घ्या. मग आणखी ५००-६०० किलोमीटर चालवा. त्यानंतर सपाट जागी मध्य ते कमान चारही कोपरे मोजा. अलाइनमेंट या सगळ्यानंतर करा, आज केलीत तर गाडी बसल्यावर टो (चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन) परत हलेल आणि पैसे दोनदा जातील. टायर आतून खात असतील तर तेवढ्यापुरती आजही करून घ्या.

त्या मोजणीत एखादा कोपरा शेजारच्यापेक्षा ८-१० मिमी वर निघाला, तिरपा जोडीदार त्याच्याबरोबर वर आला नाही, आणि दुसऱ्या जागीही तेच दिसलं, तर पुढच्या जॅकिंगच्या जागेवर बरोबर मध्यभागी जॅक लावून पुढची चाकं उचला. आता गाडी पुढे एका बिंदूवर आहे. तरीही मागे तिरपी दिसली तर गडबड मागच्या स्प्रिंगांत, सरळ झाली तर पुढच्यांत. मागच्या दोन स्प्रिंगा आपापसांत बदलून टाका. उंच कोपरा स्प्रिंगेबरोबर दुसऱ्या बाजूला गेला, तर ते आकडे आणि फोटो घेऊन दुकानात जा, आणि तिथे "मोजता येत नाही" असं कोणी म्हटलं तर त्याच्याच अलाइनमेंट रॅम्पवर गाडी लावून फूटपट्टी त्याच्या हातात द्या.